व्हिसा नवऱ्याच्या हातात नसतो : ब्रिटनच्या कोर्टांत हक्क मागायचा तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात ते असं : बहीण लग्न होऊन चार वर्षांपूर्वी सांगलीहून लेस्टरला गेली. तीन वर्षांची मुलगी आहे. नवरा मारतो, तिचा पगार काढून घेतो, पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे, आणि ‘पोलिसांत गेलीस तर व्हिसा रद्द करून विमानात बसवीन’ हे तिला रोज ऐकवतो. तुम्ही विचारताय, ती तिथल्या मानवी हक्क न्यायालयात जाऊ शकते का, परक्या देशातल्या बाईचं तिथे कोण ऐकतं, आणि हातात पैसा नसताना हे जमायचं कसं. शेवटी लिहिलंय, ‘नाहीतर पोरीला घेऊन सरळ निघून ये, असं सांगतो.’

मी एकवीस वर्षं लंडनमध्ये सॉलिसिटर म्हणून काम करते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत पुष्कळ जण आपल्याच भागातले असतात. तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण घाई तिथे आहे. ते वाक्य तिला अजून सांगितलं नसेल तर सांगू नका. सोळा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो आईलाही लागू होतो. भारताने मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही. त्यामुळे ‘एकदा सांगलीला पोचली की कोण विचारतंय’ असं लोकांना वाटतं. पण नवरा लंडनच्या हायकोर्टात जातो, इकडे मुंबई हायकोर्टात हेबियस कॉर्पसची (मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी) याचिका टाकतो, आणि मार खाणारी बाई एका रात्रीत मूल पळवणारी ठरते. परत येताना विमानतळावरच अटक होईल म्हणून कायमच्या अडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तिला मुलीसह परत यायचंच असेल तर त्यासाठी फॅमिली कोर्टात रीतसर परवानगी मागता येते. वेळ लागतो, पण तो रस्ता आहे.

आता मानवी हक्क न्यायालयाबद्दल. आपल्याकडे १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत अशी न्यायालयं नेमायची तरतूद आहे, त्यामुळे तुमच्या मनात तो शब्द येणं साहजिक आहे. ब्रिटनमध्ये असं वेगळं न्यायालय नाही. तिथे १९९८ चा मानवी हक्क कायदा आहे, तो २ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. गांधी जयंतीचा दिवस, म्हणून मला ही तारीख कायम लक्षात राहते. त्या कायद्याने १९५० च्या युरोपियन मानवी हक्क करारातले हक्क देशातल्या प्रत्येक न्यायालयात आणून ठेवले. मॅजिस्ट्रेट असो, फॅमिली कोर्ट असो की इमिग्रेशन ट्रायब्युनल, त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे प्रत्येकाला या हक्कांशी सुसंगत वागावंच लागतं. पोलीस, नगरपालिका, सरकारी दवाखाना, होम ऑफिस म्हणजे व्हिसा बघणारं गृहखातं, सगळ्यांना तोच नियम. म्हणजे तुमच्या बहिणीला कुठलं तरी एक मोठं कोर्ट शोधत जायचं नाही. ती ज्या खिडकीशी उभी राहील त्या खिडकीवर तिचा हक्क आधीच लागू आहे.

आणि हे हक्क नागरिकांपुरते नाहीत. जो कोणी त्या देशाच्या अखत्यारीत आहे त्याचे ते हक्क. व्हिसा कुठला, किती दिवसांचा, संपलाय की नाही, यावर ते ठरत नाही.

एक मर्यादा मात्र समजून घ्या. हा कायदा सरकारी यंत्रणेविरुद्ध चालतो, थेट नवऱ्याविरुद्ध नाही. नवऱ्याविरुद्ध फौजदारी आणि कौटुंबिक कायदे आहेत. पैसे काढून घेणं, कागद लपवणं, सतत धाक दाखवून ताब्यात ठेवणं हा स्वतःचा असा गुन्हा २०१५ पासून आहे, आणि २०२१ च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्याने आर्थिक कोंडीलाही अत्याचारातच धरलंय. मानवी हक्क कायदा कामी येतो तो ही यंत्रणा हलत नाही तेव्हा. लंडनमध्ये एका टॅक्सीचालकाने कित्येक वर्षं बायकांवर अत्याचार केले, तक्रारी येत राहिल्या आणि पोलिसांनी तपास नीट केला नाही. त्यातल्या दोघींनी पोलिसांवरच दावा लावला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गंभीर हिंसेचा परिणामकारक तपास करणं हे पोलिसांचं करारातल्या कलम ३ (अमानुष वागणुकीला मनाई) खालचं कर्तव्य आहे, आणि त्यात मोठी कसूर झाली तर त्यांना नुकसानभरपाई द्यावी लागेल. तेव्हा ‘हा तुमच्या घरातला मामला आहे’ असं लेस्टरचा एखादा शिपाई म्हणाला, तर तो नुसता उद्धटपणा ठरत नाही, कायदेशीर कर्तव्यात कसूर ठरू शकते. अशा वेळी त्याचं नाव, बिल्ला क्रमांक आणि वेळ लिहून ठेवायची.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे : नवरा तिथे कोणत्या हक्काने राहतो? तो ब्रिटिश नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेला असेल आणि बहीण त्याची पत्नी म्हणून व्हिसावर असेल, तर तिची बाजू भक्कम आहे. इमिग्रेशन नियमांतच अशी सोय आहे की अत्याचारामुळे लग्न मोडलं तर तिला स्वतःच्या नावावर कायम वास्तव्य मागता येतं, पाच वर्षं पुरी व्हायची वाट न बघता. हातात काहीच नसेल तर त्याआधी तीन महिन्यांची एक सवलत मिळते. तेवढ्या काळात तिला सरकारी मदत आणि निवारा घेता येतो, नोकरीही करता येते. पण ही सवलत घेतली की जुना व्हिसा संपतो, आणि तीन महिन्यांच्या आत मुख्य अर्ज गेलाच पाहिजे. म्हणून ही सवलत वकिलाशी बोलल्याशिवाय घ्यायची नाही.

नवरा जर पुणे-बेंगळुरूच्या कुठल्या कंपनीतून स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेला असेल आणि बहीण त्याची डिपेंडंट असेल, तर चित्र बदलतं. एप्रिल २०२३ पासून ती तीन महिन्यांची सवलत अशा बायकांनाही मिळते, पण त्यापुढे कायम वास्तव्याचं दार त्यांना उघडं नाही. आपल्या मराठी मुलींतल्या बहुतेक जणी याच गटात असतात. त्या तीन महिन्यांत दुसरी वाट शोधावी लागते. स्वतःचा नोकरीचा व्हिसा, किंवा मुलीच्या हितावर आणि खाजगी-कौटुंबिक जीवनाच्या कलम ८ वर आधारलेला अर्ज. मला हा भेद मुळीच पटत नाही. दोघींच्या गालावरचा वळ सारखाच असतो. पण आज नियम असा आहे आणि तुम्हाला खोटी आशा लावायची नाही.

दोन्ही बाबतींत एक गोष्ट खरी : व्हिसा रद्द करायचा अधिकार नवऱ्याकडे नाही. तो होम ऑफिसला कळवू शकतो, बस. निर्णय होम ऑफिसचा, तो लेखी असतो, आणि नकारपत्राच्या शेवटी त्यावर पुढे कुठे जाता येतं तेही छापलेलं असतं. हे एवढं एक वाक्य कळल्यावर समोरच्या बाईचा श्वास मोकळा झालेला मी किती वेळा पाहिलंय.

एक धोका तुमच्या पत्रात लिहिलेला नाही, पण मला त्याचीच जास्त भीती वाटते. ‘चल, दिवाळीला घरी जाऊन येऊ’ म्हणून नवरा बायकोला भारतात आणतो, सासरी सोडतो, पासपोर्ट घेऊन एकटा परत जातो आणि होम ऑफिसला कळवून टाकतो की लग्न मोडलं. कधी मूलही तिकडे ब्रिटनमध्येच राहतं. पूर्वी अशा बाईला काहीच करता येत नसे, कारण अत्याचारग्रस्त पत्नीचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करायचा अशी अट होती. म्हणजे ज्याने जुलूम केला त्यानेच तिला देशाबाहेर नेऊन टाकलं तर तिचा हक्कही तिथेच संपला. २०२२ मध्ये लंडनच्या हायकोर्टापुढे एका स्त्रीचं प्रकरण आलं. तिला नवऱ्याने पाकिस्तानात नेऊन सोडलं होतं आणि मुलांपासून तोडलं होतं. कोर्टाने म्हटलं की आत असलेल्या पीडितेला संरक्षण द्यायचं आणि बाहेर टाकलेल्या पीडितेला नाही, हा करारातल्या कलम १४ खालचा भेदभाव आहे. जानेवारी २०२४ अखेर नियम बदलले, आणि आता ज्यांचे नवरे ब्रिटिश किंवा कायम वास्तव्यवाले आहेत अशा बायकांना परदेशातूनही अर्ज करता येतो. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ पासून काम करणारी आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांची संस्था हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरत होती. या निकालाची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत मला कुठे दिसली नाही. पण सांगली-साताऱ्यात अशा मुली आहेत, आणि त्यांच्या आईबापांना वाटतंय की आता काही होणार नाही. त्यांच्यापर्यंत हे पोचवा.

म्हणून बहिणीला सांगा, येत्या काही महिन्यांत ‘सुट्टीला गावी जाऊ’ असा विषय निघाला तर आधी वकिलाशी बोल.

हक्क आहेत एवढं सांगून मी थांबले तर ती अर्धीच गोष्ट होईल. ब्रिटनला आपल्यासारखी एकच लिखित घटना नाही. आपल्याकडे संसदेचा कायदा मूलभूत हक्काच्या आड आला तर सुप्रीम कोर्ट तो रद्द करतं. घटना समितीत ९ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी आजच्या कलम ३२ ला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं, कारण दाद मागण्याची हमी नसेल तर हक्क नुसते शब्द राहतात हे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये न्यायाधीशाला संसदेचा कायदा रद्द करता येत नाही. तो दोनच गोष्टी करू शकतो : शक्य तितका तो कायदा हक्कांशी जुळेल असा वाचायचा, आणि जुळतच नसेल तर ‘हा कायदा हक्कांशी विसंगत आहे’ असं जाहीर करायचं. पुढे काय करायचं ते संसद ठरवते.

हे कसं घडतं ते बेलमार्श या लंडनच्या तुरुंगावरून ओळखल्या जाणाऱ्या निकालात स्पष्ट दिसलं. २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्याने परदेशी संशयितांना आरोपपत्राशिवाय बेमुदत डांबून ठेवायची मुभा सरकारला दिली होती. १६ डिसेंबर २००४ ला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, नऊ न्यायाधीशांपैकी आठ जणांनी सांगितलं की हे हक्कांशी विसंगत आहे. ब्रिटिश नागरिकांतही संशयित आहेत, मग केवळ परदेशी म्हणून यांनाच का कोंडता? मी तेव्हा वकिलीत अगदी नवखी होते. निकालपत्राच्या प्रती हातोहात फिरत होत्या, आणि आम्हाला वाटलं, उद्या कुलपं उघडणार. उघडली नाहीत. ती माणसं मार्च २००५ पर्यंत आतच राहिली, आणि मग संसदेने नवा कायदा करून त्यांच्यावर दुसऱ्या प्रकारचे निर्बंध घातले. तरीही मी त्या निकालाला लहान मानत नाही. सरकारला कायदा बदलावा लागला, आणि परक्या माणसाचं स्वातंत्र्यही स्वातंत्र्यच असतं हे देशाच्या सर्वोच्च पीठाने लिहून ठेवलं. अलीकडे रवांडाच्या बाबतीत हीच ओढाताण झाली. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने आश्रय मागणाऱ्यांना तिकडे पाठवण्याचं धोरण बेकायदा ठरवलं, २०२४ मध्ये संसदेने ‘रवांडा सुरक्षित आहे’ असा कायदाच केला, आणि त्याच वर्षी सरकार बदलल्यावर ती योजना गुंडाळली गेली. युरोपियन मानवी हक्क करारातून बाहेर पडायची भाषाही तिथल्या राजकारणात आता उघड बोलली जाते. म्हणून तिथले हक्क दगडावर कोरलेले आहेत असं समजू नका.

संसदेच्या कायद्यापुढे न्यायाधीशाचे हात बांधलेले असले तरी मंत्र्याने काढलेल्या हुकमापुढे नसतात. यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, पैशाकडे येते.

जुलै २०१३ मध्ये सरकारने नोकरीविषयक ट्रायब्युनलमध्ये दावा लावायला फी ठेवली. भेदभावासारख्या दाव्याला सगळी मिळून १,२०० पौंड. ज्याची नोकरी नुकतीच गेलीय त्याच्याकडून. दावे दोन-तृतीयांशांहून जास्त घटले. युनिसन या कामगार संघटनेने हे सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं आणि २६ जुलै २०१७ ला सातही न्यायाधीशांनी एकमताने तो फीचा हुकूम मुळापासून रद्द केला. त्यासाठी त्यांनी १२१५ च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेपर्यंत मागे जाऊन दाखवलं की न्याय विकायचा नाही हे त्या देशाचं जुनं वचन आहे. कोर्टात पोचताच येत नसेल तर संसदेने केलेले कायदे मृत होतात, असं त्या निकालाचं सूत्र होतं. ज्यांनी फी भरली होती त्यांना ती परत मिळाली. माझ्या कारकिर्दीत सामान्य माणसाच्या इतक्या जवळ आलेला दुसरा निकाल मला आठवत नाही.

पण नेमक्या त्याच वर्षी, १ एप्रिल २०१३ पासून, लीगल एडही कापली गेली होती, आणि ती संसदेच्या कायद्याने. १९४९ पासून चालत आलेली सरकारी खर्चाने वकील मिळण्याची सोय नोकरी, कर्ज, सरकारी भत्ते, बहुतेक कौटुंबिक वाद आणि आश्रय सोडून बाकी जवळपास सगळ्या इमिग्रेशन प्रकरणांतून काढून घेतली गेली. त्या कपातीचा घाव अजून भरलेला नाही. आज इंग्लंडमध्ये असे भाग आहेत जिथे पन्नास मैलांत लीगल एडवर इमिग्रेशनचं काम घेणारा एकही वकील सापडत नाही. फॅमिली कोर्टाच्या बाहेर बाकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेली, वकील नसलेली माणसं मी रोज बघते. समोरच्याकडे बॅरिस्टर असतो. हक्क दोघांचे सारखे आहेत असं म्हणताना मला त्या वेळी लाज वाटते.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत मात्र दार बंद झालेलं नाही. अत्याचारग्रस्त पत्नीच्या वास्तव्याच्या अर्जाला लीगल एड अजून मिळते. अत्याचाराचा पुरावा असेल तर मुलीचा ताबा आणि घटस्फोटाच्या कामालाही मिळते. पूर्वी हा पुरावा दोन वर्षांच्या आतला हवा असे. २०१६ मध्ये कोर्टाने ती अट चुकीची ठरवली आणि २०१८ पासून मुदतीची अटच गेली. पुरावा म्हणजे डॉक्टरचं पत्र, पोलिसांतली नोंद, निवारागृहाचं पत्र. म्हणून मार बसल्यावर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन खरं कारण सांगायचं. ‘जिन्यावरून पडले’ असं सांगायचं नाही. तिची मिळकत मोजताना नवऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत, कारण तो विरुद्ध पक्ष आहे. बायका याच गैरसमजापायी विचारायलाही जात नाहीत. नवऱ्याला जवळ येण्यापासून रोखणारा कोर्टाचा मनाई हुकूम मागायला तर कोर्ट फीच नाही. आणि एखादा विषय लीगल एडच्या यादीत नसला तरी हक्कभंग होण्याचा धोका दाखवून अपवाद म्हणून ती मागता येते. सुरुवातीला सरकार अशी मागणी सहसा मान्यच करत नसे. २०१४ मध्ये अपील कोर्टाने तो आखडता हात बेकायदा ठरवला. त्या खटल्यातली माणसं तुमच्या बहिणीसारखीच, इमिग्रेशनच्या कचाट्यातली होती.

हरल्यावर समोरच्याचा खर्च भरावा लागेल का, ही भीती आपल्याकडे पिढीजात आहे आणि ती उगाच नाही. लोकमान्य टिळकांनी लंडनच्या कोर्टात व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर बदनामीचा दावा लावला, १९१९ मध्ये हरले, आणि खर्चाचं ओझं इतकं पडलं की भारतात वर्गण्या गोळा कराव्या लागल्या. हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा नियम हायकोर्टात आजही आहे, आणि सरकारी निर्णयाला आव्हान देणाऱ्या ज्युडिशियल रिव्ह्यूमध्ये तो माणसाला मागे खेचतो. पण इमिग्रेशन ट्रायब्युनल, नोकरीचं ट्रायब्युनल आणि फॅमिली कोर्ट इथे सहसा ज्याचा त्याने खर्च करायचा असतो. लीगल एडवर असलेल्यालाही मोठं संरक्षण असतं. बहिणीचं काम याच जागी चालणार आहे.

आणखी एक गोष्ट नगरपालिकेबद्दल. तिच्या व्हिसावर ‘सरकारी मदत नाही’ असं लिहिलेलं असेल. तरीही घरात लहान मूल आहे म्हटल्यावर १९८९ च्या मुलांविषयीच्या कायद्याच्या कलम १७ खाली नगरपालिकेला त्या मुलीची गरज तपासावी लागते. त्या खिडकीवर कधीकधी असं ऐकायला मिळतं : ‘मुलीची सोय करू, तुमची नाही,’ किंवा ‘भारताचं तिकीट काढून देतो.’ बाई घाबरून मूल घेऊन पुन्हा त्याच घरात जाते. तिने तिथे ‘आमच्या दोघींच्या मानवी हक्कांचा विचार करून लेखी निर्णय द्या’ एवढं म्हणायचं. आईला मुलीपासून तोडणं हा कलम ८ चा प्रश्न होतो, आणि होम ऑफिसकडे मानवी हक्कांवर आधारलेला खरा अर्ज पडून असताना मदत नाकारून माणसाला देश सोडायला लावायचं नाही, हे अपील कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. लेखी मागितलं की अर्ध्या वेळा उत्तर बदलतं. उरलेल्या वेळी वकिलाच्या एका पत्राने बदलतं.

मुदती मात्र कडक आहेत, आणि इथे आपली माणसं सर्वांत जास्त हरतात. इमिग्रेशनचं अपील निर्णयानंतर चौदा दिवसांत, देशाबाहेरून असेल तर अठ्ठावीस. ज्युडिशियल रिव्ह्यू ताबडतोब, आणि फार तर तीन महिन्यांत. मानवी हक्क कायद्याखालचा दावा एका वर्षात. सगळे देशांतर्गत उपाय संपल्यावर स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात जायचं तर चार महिने. तिथे फी नाही, पण अर्जाचा नमुना एका रकान्यानेही अपुरा राहिला तर परत येतो. माझ्याकडे एकदा कोल्हापूरकडचा एक मुलगा आला होता. प्रकरण इतकं स्वच्छ होतं की पहिल्या पाच मिनिटांत मला निकाल दिसत होता. पण ‘आधी ओळखीतून बघू, मग साहेबांना भेटू’ करत त्याने चार महिने घालवले होते. मी त्याला काहीही देऊ शकले नाही. आपल्याकडे विलंब माफीचा अर्ज टाकून निभावतं. तिथे सबळ कारण लागतं, आणि ‘ओळख शोधत होतो’ हे कारण होत नाही.

ओळखीवरून आठवलं. गावाकडचे एजंट किंवा लेस्टरमधले ‘सगळ्यांचे फॉर्म भरून देणारे’ काका, कितीही भले असोत, त्यांच्याकडे जाऊ नका. परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे. सॉलिसिटर, बॅरिस्टर किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार, एवढेच. नोंदणी बघायला पैसे लागत नाहीत.

दुभाष्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. पोलीस चौकशीत आणि ट्रायब्युनलमध्ये दुभाषा फुकट मिळतो. आपली माणसं संकोचाने म्हणतात, ‘हिंदी चालेल.’ चालत नाही. एका बाईच्या जबाबात मी वाचलं की नवरा तिला ‘शिक्षणासाठी’ रात्री घराबाहेर उभं करत असे. मला काही केल्या कळेना. तिला विचारलं तर म्हणाली, ‘शिक्षा म्हणून हो, ताई!’ हिंदी दुभाष्याच्या कानाला शिक्षा म्हणजे शिक्षण. थंडीत अनवाणी उभं केलेल्या त्या बाईच्या तोंडी सरकारी कागदात असं वाक्य गेलं होतं की ऐकणाऱ्याला ती बनाव करतेय असं वाटावं. ते दुरुस्त करायला आठ महिने गेले. ‘हात उगारला’ आणि ‘हात टाकला’ यांत कोर्टात जमीनअस्मानाचा फरक पडतो. म्हणून बहिणीने पहिल्याच फोनला ‘मराठी’ म्हणून सांगायचं, थांबावं लागलं तरी. आणि जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

आता तुम्ही करायचं काय, ते. तिच्या फोनवर हे सगळं पाठवू नका. नवरा फोन बघत असणार असंच धरून चाला. ती कामावर असताना तिथल्या एखाद्या विश्वासातल्या बाईच्या फोनवर बोला. चोवीस तास चालणारी राष्ट्रीय घरगुती अत्याचार हेल्पलाइन आहे, फोन फुकट : ०८०८ २००० २४७. जिवाला धोका वाटला तर ९९९. पासपोर्ट मिळाला नाही म्हणून ती अडणार नाही, त्यासाठी थांबू नका. पण विवाह नोंदणीचा दाखला तुमच्याकडे असेल तर त्याचा फोटो आजच काढून ठेवा. मुलीचा जन्मदाखला इंग्लंडमध्ये पुन्हा मागवता येतो. आणि तिला एक विचारा. आता व्हिसाचं कार्ड नसतं, सगळं ऑनलाइन खात्यात असतं, आणि आपल्या बहुतेक मुलींची ती खाती नवऱ्याने स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन नंबर घालून उघडलेली असतात. तिचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे आणि व्हिसाच्या प्रकारापुढे नेमके कोणते शब्द लिहिले आहेत, एवढं मला कळवा. मग पुढचं कोणत्या खिडकीवर न्यायचं ते ठरवू.